त्या म्हाताऱ्याचे टाके

अगं, तू आधी नुसतं ऐक. मध्ये ‘पण’ म्हणायचं नाही, आणि ‘मग खरं सांगून टाकायचं ना’ हे तर अजिबात म्हणायचं नाही. ते सगळं शेवटी. आधी ऐक.

तर टिल्लूचं दुकान आहे ना, ते खरं तिच्या बाबांचं. एकच खोली, रस्त्याकडे शटर, मागे जिना, जिना चढलं की घर. दुकानात मधोमध एक बुटकं कपाट आडवं टाकलंय. त्याच्या उजवीकडे टिल्लू, डावीकडे बाबा. उजवीकडे मोबाइल, म्हणजे फुटलेल्या काचा, फुगलेल्या बॅटऱ्या, चार्जरच्या वायरींचा गुंता. डावीकडे रेडिओ. ते हातात मावणारे नाही गं, जुने, लाकडी, टेबलभर मोठे. आत काचेच्या बाटल्यांसारखे दिवे असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात, आणि ते तापल्याशिवाय रेडिओ तोंड उघडत नाही. बटण फिरवलं की आधी काट्यामागचा दिवा लागतो, मग नुसती शांतता, आणि मग कुणीतरी लांबून जिना चढत यावं तसा आवाज हळूहळू वर येतो. बाबा तोपर्यंत मोजायचे. एक, दोन, तीन. प्रत्येक रेडिओचा आकडा वेगळा आणि सगळे त्यांना पाठ. “हा एकविसाला बोलतो. तो हेडमास्तरांचा होता ना, तो अठ्ठाविसाला. मास्तरांसारखाच, आधी घसा खाकरणार.”

गल्लीत त्यांना सगळे खरखरे म्हणतात. आडनाव नाही हं ते. गिऱ्हाईक आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “खरखर आहे की घरघर?” दोन्हींची औषधं वेगळी म्हणे. त्यावरून पडलं नाव, आणि इतकं चिकटलं की नवा पोस्टमन एकदा पाकिटावरचं खरं आडनाव वाचून म्हणाला, या नावाचं इथं कोणी राहत नाही.

आणि त्यांची एक सवय सांगायला हवी, कारण पुढे ती येणार आहे. रेडिओ दुरुस्त झाला की मागचं झाकण लावायच्या आधी आतल्या लाकडावर पेन्सिलीनं लिहायचं. तारीख. दोष काय होता. काय केलं. आणि खाली एक छोटा गोल, गोलात टिंब. ती त्यांची सही. ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्यांनी लावलेली शिस्त. “पुढच्या माणसाला कळलं पाहिजे आपण काय केलंय.”

टिल्लू हसायची. “बाबा, पुढचा माणूस कोण येणारे आता?”

“येईल कोणीतरी.”

कोणी येत नव्हतं. रेडिओच येत नव्हते, तर माणूस कुठला! शेवटचा रेडिओ आला त्याला वर्ष होऊन गेलं होतं, आणि तोही नेणारा फिरकला नाही. बाप-लेकीची रोज जुंपायची. बाबा म्हणायचे, “तू दुरुस्त नाही करत, तू बदलतेस. काच गेली, काच बदल. बॅटरी गेली, बॅटरी बदल. याला काम म्हणत नाहीत, याला कपडे बदलणं म्हणतात.” टिल्लू म्हणायची, “लोकांना फोन दुपारपर्यंत हवा असतो. तुमच्यासारखं ‘मंगळवारी या’ सांगितलं तर मंगळवारी ते नवा फोन दाखवायला येतील.” मग दोघं हसायचे. पण नंतर नंतर बाबांनी भांडणंच सोडलं. तिथं ती घाबरली. भांडणारा माणूस बरा गं, गप्प बसलेला नको.

हात शिवशिवायचे त्यांचे. मग चालू वस्तू उघडायला लागले. भिंतीवरचं घड्याळ उघडलं. मिक्सर उघडला. एके दिवशी आत्याच्या कानातलं यंत्र! आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, वर त्यांच्यातच राहते, जीभ अशी की भाजी चिरता येईल. ती आंघोळीहून आली तर यंत्राचे तीन तुकडे ताटलीत.

“अरे, चालू होतं ते!”

“चालू आहे म्हणून उघडायचं नाही असं कुठं लिहिलंय?”

“काय म्हणालास? ऐकू येत नाहीये मला. तूच उघडलंस ना!”

हे हसण्यासारखं झालं. पण त्या महिन्यात त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं, दाढी दोन-दोन दिवस राहायची, आणि दुकानात खाली यायलाच अकरा वाजायचे. पूर्वी आठच्या ठोक्याला शटर वर. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही. आत्या म्हणाली, “शरीराला काही झालं असतं तर बरं होतं, गोळी तरी देता आली असती.”

आणि नेमकी त्याच वेळी ती सजावटवाली बाई आली.

दुपारची वेळ, बाबा वर झोपलेले. बाई कुठल्याशा नव्या हॉटेलची आतली सजावट करत होती. आत शिरल्या शिरल्या एक अख्खी भिंत जुन्या रेडिओंची करायची होती तिला. वीस रेडिओ तिनं भंगारातून, कुणाकुणाच्या माळ्यावरून गोळा केले होते, सगळे मेलेले. म्हणाली, “वाजायला नकोत हं. म्हणजे आवाज हवा, पण फोनवरून. आतलं सगळं काढून टाका, एक छोटा स्पीकर बसवा, आणि पुढे दिवा लागला पाहिजे. मऊ, पिवळा. जुन्यासारखा.”

टिल्लूला हे काम डाव्या हाताचं. अर्धा तास एका रेडिओला. हो म्हणाली. संध्याकाळी टेम्पो आला आणि वीसच्या वीस रेडिओ दुकानात रचले, अगदी छतापर्यंत. आणि बाबा जिन्यावरून उतरले. एका पायात चप्पल, दुसरी शोधतायत. मान वर केली आणि तसेच उभे राहिले.

“हे… दुरुस्तीला आलेत?”

आता बघ, इथं तिला खरं बोलता आलं असतं. तोंडात शब्द आलेसुद्धा होते. पण त्यांचा चेहरा! वर्षभरात तिनं तो चेहरा पाहिला नव्हता. लहान मूल खेळण्यांच्या दुकानात शिरतं ना, तसं पण नाही, त्याच्या उलट, कामावरून काढलेल्या माणसाला परत बोलावणं यावं तसा.

“हो,” म्हणाली ती.

“सगळे?”

“सगळे.”

झालं. एवढंच तिचं पाप. एक ‘हो’.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता शटर वर. दाढी केलेली. तारांना टाके घालायच्या राळेचा वास, तापलेल्या कथलाचा वास, गुणगुणणं. पहिला रेडिओ त्यांनी पाच दिवस घेतला. उंदरांनी वायरी खाल्लेल्या, एक कॉइल तुटलेली, सगळं नव्यानं गुंडाळलं बसून. सहाव्या दिवशी सकाळी बटण फिरवलं, मोजायला लागले, आणि बाविसाव्या आकड्याला रेडिओवरची बाई हवामान सांगायला लागली. ते एकच केंद्र लागतं आता, बाकी काटा कुठंही न्या, नुसती खरखर. पण बाबांच्या डोळ्यांत पाणी. आत लिहिलं, तारीख, दोष, उपाय, गोल, टिंब. जेवायची वेळ होईपर्यंत चालूच ठेवला. “तापू दे जरा. वर्षानुवर्षं गारठलाय.” मग जेवले. पोटभर गं! आत्यानं दुसऱ्यांदा भात वाढला तरी नको म्हणाले नाहीत. आणि दोन वाजता झोपायला गेले.

आणि टिल्लूनं शटर अर्धं खाली ओढलं, रेडिओ उलटा केला आणि मागचं झाकण उघडलं. आतलं अजून कोमट होतं.

तिनं मला सांगितलं तेव्हा हेच आधी सांगितलं, कोमट होतं. चार स्क्रू, दोन वायरी, अख्खा सांगाडा बाहेर. आत तिचा तळहाताएवढा बोर्ड, एक स्पीकर, एक पिवळा दिवा. वीस मिनिटं. पेन्सिलीचं लिखाण मात्र तसंच, रिकाम्या पेटीत. सांगाडा पोत्यात घालून माळ्यावर.

आत्याला दोन दिवसांत कळलं. तिच्यापासून काही लपत नाही, यंत्र कानात असो की ताटलीत. म्हणाली, “चांगलं आहे. सकाळी बाप जोडतो, दुपारी लेक तोडते. सांगून टाक.”

“आत्या, ते जेवतायत.”

“जेवतोय, ते दिसतंय. काय खातोय ते त्याला माहीत नाही.”

तरी कदाचित निभावलं असतं. पण तिसऱ्या रेडिओला बाबा अडले. मोठा व्हॉल्व्ह गेलेला, आणि तो आता जगात कुठं बनत नाही. दिवसभर डोकं धरून बसले. संध्याकाळी म्हणाले, “त्या बाईंना सांग, एक कमी. हा नाही बोलणार आता.” आवाज परत तसाच, महिन्यापूर्वीसारखा. आणि टिल्लूच्या तोंडून निघून गेलं, “मिळेल की! जुन्या बाजारात एक म्हातारा बसतो. त्याच्याकडे असतं असलं सामान.”

कुठला म्हातारा? कसला बाजार? दुसऱ्या दिवशी तास-दीड तास चौकात चहा पीत बसली आणि परत येऊन पिशवीतून व्हॉल्व्ह काढून दिला. माळ्यावरचा. पहिल्या रेडिओतला. कोमट असताना काढलेला.

मग चालूच झालं ते. काही लागलं की टिल्लू ‘बाजारात’ जायची. कधी व्हॉल्व्ह, कधी अख्खा अर्धा सांगाडा, कटरनं तोडून, धुळीत घोळून आणलेला. तू म्हणशील ओळखलं कसं नाही. अगं, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. आणि स्वतःचा आवाज रेकॉर्ड केलेला ऐकला की आपण म्हणतो ना, शी, ही मी नाही! तसं असेल.

एके दिवशी असाच तुकडा भिंगाखाली धरून बसले होते. एकदम ओरडले, “टिल्लू! इकडे ये. हे बघ.”

टिल्लू हातातला फोन तसाच टाकून गेली.

“टाके बघ याचे. जोडाचे. कुठं ढेकूळ नाही, कुठं थेंब ओघळलेला नाही. आणि तारेला आधी पीळ दिलाय, मग टाका घातलाय. कोण देतं आता पीळ? मला वाटायचं मीच उरलोय.” भिंग खाली ठेवलं. “हे त्या म्हाताऱ्याचंच काम असणार. कसा आहे दिसायला?”

“असेच. तुमच्याएवढे.”

“बोलतो फार?”

“नाही. ऐकायला कमी येतं त्यांना.”

“मग खरा कारागीर. आयुष्यभर खरखर ऐकलेला.”

खोटं एकदा बोललं की त्याला हातपाय फुटतातच. म्हाताऱ्याला करंगळी वाकडी मिळाली. बायको वारलेली मिळाली. एक मुलगा मिळाला, दूर कुठंतरी, न विचारणारा. बाबा निरोप पाठवायला लागले. त्याला विचार, कॉइलला मेण लावतो की लाख? टिल्लू चौकात चहा पिऊन यायची आणि सांगायची, मेण. “बरोबर!” बाबा मांडीवर थाप मारायचे. “लाखेनं पुढच्या माणसाला उघडता येत नाही. हा विचार करणारा माणूस आहे.” एकदा तर कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक गंजकी डबी काढली. त्यांच्या गुरूंची राळ, काळी, जुनी, वर्षानुवर्षं पुरवून वापरलेली. अर्धी काढून दुसऱ्या डबीत भरली. “हे त्याला दे. म्हणावं, अशी आता मिळत नाही. माझ्या एकट्याच्यानं संपायची नाही.”

ती डबी टिल्लूनं चार्जरच्या खोक्यांमागे ड्रॉवरमध्ये सरकवली. आणि डबी देताना बाबा काय म्हणाले सांगू? “पुढच्या माणसासाठी लिहितो म्हणायचो, तू हसायचीस. आहे की नाही पुढचा माणूस?”

आत्या जिन्यात उभी होती. म्हणाली, “काखेत कळसा आणि गावाला वळसा.”

“काय गं ताई?”

“काही नाही. माझा चष्मा शोधतेय.”

वर गेल्यावर तिनं टिल्लूला धरलंच. “आता तरी सांग. आधी नुसते रेडिओ होते, आता माणूस आणलास तू.”

“सहा राहिलेत, आत्या. वीस झाले की संपलं. म्हाताऱ्याला मुलाकडे पाठवून देईन, लांब.”

“पाठवतेस कशाला? मार की. मेलेला माणूस निरोपाला उत्तर देत नाही म्हणून कोणी रागावत नाही.”

तिकडे सजावटवाली बाई रोज फोन करून डोकं खायची. इतके दिवस कशाला, नुसतं रिकामं तर करायचंय! टिल्लू कधी लाकूड खराब आहे म्हणायची, कधी दिवे आले नाहीत म्हणायची. एकोणीस गेले. विसावा बाबांच्या टेबलावर, सगळ्यांत मोठा, समोर हिरवा डोळा असलेला. स्टेशन नीट लागलं की तो डोळा मिटत जातो म्हणे, मांजराच्या डोळ्यासारखा. बाबांनी तोही बोलता केला होता, नुसतं लिहायचं राहिलं होतं.

आणि बाई दुकानात आली. स्वतः. बाबा समोर बसलेले.

“तुम्हीच का काका? परवा उद्‌घाटन आहे. अकरा वाजता. तुम्ही यायलाच हवं. सगळे विचारतायत, हे केलं कोणी.”

टिल्लूनं खुणा केल्या, मध्ये बोलली, बाबांना बस लागते, बाबांचा गुडघा, बाबांना गर्दी नको. बाबा उठून उभेच राहिले. “गुडघ्याला काय धाड भरलीय? येणार म्हणजे येणार.” मग टिल्लूकडे वळून, “आणि त्यालाही घेऊन ये. निम्मं काम त्याचं आहे.”

“कोण?” बाई म्हणाली.

“ते बाहेरगावी गेलेत, बाबा,” टिल्लू म्हणाली. “मुलाकडे.”

“अरे. आत्ताच जायचं होतं त्याला?” चेहरा पडला. “बरं. आला की दाखवू.”

उद्‌घाटनाच्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट. बूट पॉलिश केलेले. बसमध्ये टिल्लूला आकडे म्हणून दाखवत होते, कुठला कितव्याला बोलतो. टिल्लूनं तेव्हा तरी सांगावं की नाही? दोन वेळा तोंड उघडलं तिनं. दोन्ही वेळा स्टॉप आला.

हॉटेल एकदम चकाचक. फुलं, काचा, पन्नासेक माणसं. आणि ती भिंत. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होती म्हणे. एकोणीस रेडिओ, सगळ्यांचे पिवळे दिवे लागलेले, लाकूड चमकतंय. बाबा बघतच राहिले. लोकांना सांगत होते, हा उंदरांनी खाल्लेला, हा पावसात पडलेला. लोक वा वा करत होते. बाई पुढे आली, हातात फोन. “काका, बघा हं!”

बाबांनी बोट वर केलं. “थांबा, थोडा वेळ लागेल. तापावे लागतात. एक… दोन…”

दोनलाच. एकोणीसच्या एकोणीस, एकदम, एकच गाणं, एकाच आवाजात. खरखर नाही, जिना चढून येणं नाही, काही नाही. नळ सोडल्यासारखं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाबांचं बोट तसंच वर. मग ते भिंतीपाशी गेले आणि पहिल्या रेडिओच्या डोक्यावर तळहात ठेवला. थोडा वेळ ठेवला. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. आजारी पोरांच्या रांगेतून कोणी ताप बघत जावं ना, तसं. एकोणीस. मधल्या एकाचं बटण फिरवलं. काटा गरगर फिरला, गाणं तेच. टिल्लू दाराशी उभी.

“गार आहेत,” बाबा म्हणाले.

“हो ना!” बाई खुशीत. “गरमच होत नाहीत. आणि हलके किती! तुमच्या मुलीनं आतलं सगळं काढून टाकलंय म्हणून तर भिंतीवर राहिले, नाहीतर खिळ्यांसकट खाली आले असते.”

बाबांनी बाईकडे बघितलं. मग म्हणाले, “छान दिसतंय.” दिलेलं सरबत प्यायले. पेला जागेवर ठेवला. नमस्कार केला. आणि निघाले.

बसमध्ये दोघं शेजारी. बाबांचे हात गुडघ्यांवर. चार स्टॉप गेले. पाचव्याला म्हणाले, “आणि तो म्हातारा?”

टिल्लू खिडकीबाहेर बघत राहिली.

“म्हणजे तोही नाही.”

आणखी दोन स्टॉपांनंतर, “ते टाके?”

“तुमचे.”

“पहिल्यातला व्हॉल्व्ह तिसऱ्यात.”

“हो.”

“तिसऱ्यातला?”

“आठव्यात. मग तेराव्यात.”

“म्हणजे एकच रेडिओ दुरुस्त करत होतो मी. दोन महिने.” आणि हसले. टिल्लू म्हणते, रडले असते तर चाललं असतं, ओरडले असते तर फार बरं झालं असतं. “आणि आपल्याच हाताची तारीफ, आपल्याच तोंडानं, भर दुकानात. ताई ऐकत होती ना? तिला माहीत होतं?”

“बाबा, तुम्ही जेवत नव्हता. मला काही सुचलं नाही.”

“तू लहान होतीस ना, दुकानात रडायला लागलीस की मी तुझ्या हातात तो बिघडलेला मीटर द्यायचो. काटा हलायचा. तुला वाटायचं तूच काहीतरी मोजतेयस. गप्प बसायचीस.” स्टॉप आला. दांडी धरून उठले. “तेच केलंस. शिकलीस माझ्याकडून काहीतरी.”

घरी आत्यानं ताटं घेतली होती. दोघांचे चेहरे बघितले आणि वाढायला लागली. बाबा जेवले. नीट जेवले, हेच वाईट. ताटात काही टाकलं नाही, आणि कशाची चव बोलून दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता शटर वर गेलं. टिल्लू धावत खाली आली तर बाबा टेबलापाशी, समोर तो विसावा. हिरवा डोळा लागलेला, मिटत आलेला. चालू. हवामानवाली बाई बोलत होती. बाबांनी ते पूर्ण ऐकलं. मग बटण बंद केलं. डोळा विझेपर्यंत थांबले.

“तुझा तो बोर्ड दे. आणि स्पीकर.”

“बाबा, नको. हा राहू दे. हा नाही द्यायचा त्यांना. मी सांगते.”

“वीस सांगितलेत ना तिनं? दे.”

दिला तिनं. काय करणार? चाळीस मिनिटं लागली त्यांना. तिला वीस लागायची. प्रत्येक तार आधी सोडवली, कापली नाही. व्हॉल्व्ह एकेक काढून कागदात गुंडाळले. सांगाडा दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. टिल्लूचा बोर्ड बसवला, आणि त्याच्या तारांना पीळ दिला आणि मग टाका घातला. फुटकळ प्लास्टिकच्या बोर्डाला गं! दिवा लागतो का बघितलं. लागला. मग कानावरची पेन्सिल काढून रिकाम्या पेटीत वाकले आणि लिहिलं. टिल्लूनं मागून वाचलं.

तारीख.

दोष: नाही. वाजत होता.

काय केलं: आतलं काढलं.

खाली गोल. टिंब घातलं नाही.

मग उठले, टिल्लूच्या बाजूला गेले, चार्जरची खोकी सरकवली आणि ड्रॉवर उघडून राळेची डबी काढली. कधी कळलं होतं त्यांना ती तिथं आहे? तिनं विचारलं नाही. सांगाडा, कागदातले व्हॉल्व्ह, वरती ती डबी, सगळं एका कापडी पिशवीत नीट रचलं, बंद बांधले आणि पिशवी तिच्या हातात दिली.

“हे त्या म्हाताऱ्याला नेऊन दे.”

“बाबा…”

“तूच ओळखतेस ना त्याला. मला तर माहीतच नाही तो कुठं बसतो. जा. मी दुकान बघतो.” आणि उजवीकडे, तिच्या खुर्चीत जाऊन बसले. समोर गिऱ्हाईक उभं होतं, फुटलेला फोन घेऊन. “काय, काच? बदलून मिळेल. दुपारी या.”

पिशवी जड होती म्हणे. ती निघाली, चौकापर्यंत गेली, त्याच चहाच्या टपरीसमोर उभी राहिली. जुना बाजार नाही, म्हातारा नाही, पुढे रस्ता नुसता. भंगारात टाकायचं तर त्यात गुरूंची राळ आहे. माळ्यावर ठेवायचं तर रोज त्या माळ्याखाली बसायचंय. परत न्यायचं तर ते विचारणार, घेतलं का त्यानं, काय म्हणाला? आणि त्याला उत्तर द्यायचं म्हणजे परत पहिल्यापासून.

तासभर उभी होती ती तिथं. मला फोन केला तोही तिथूनच, पिशवी पायांशी ठेवून.

आता बोल. आता म्हण ‘पण’. तुझ्या हातात असती ती पिशवी, तर तू काय केलं असतंस?